म्हणजे किती?

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. तुडयेकर सर जाऊन बरीच वर्षं झाली, आणि मी वाईटच बोलणार आहे. परवा दोन तरुण मुलं घरी आली होती. सरांच्या आठवणींचं पुस्तक काढतोय, तुम्ही त्यांची पत्रकं टाईप करायचात म्हणे, चार पानं लिहून द्या, म्हणाली. जाताना एकजण "चांगलं लिहा हं बाई" असंही म्हणाला. त्याची काही चूक नाही. त्यानं सरांना पाहिलेलंच नाही.

आणीबाणी उठली त्या वर्षी ते आमच्या वडगावच्या घरी माडीवर भाड्यानं राहायला आले. खाली आमचे चार यंत्रमाग. आमच्या घरात माणसं बोलायची ती ओरडूनच, कारण माग चालू असला की शेजारी बसलेल्याचं ऐकू येत नाही. अशा ठिकाणी शिकलेला माणूस का राहायला येतो, हे आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना कळेना. जागा बघून झाल्यावर सरांनी विचारलं, "हा आवाज किती वेळ असतो?"

"करंट आसंल तवर," आप्पा म्हणाले.

"म्हणजे किती?"

आप्पांना वाटलं माणूस बहिरा आहे. त्यांनी तेच पुन्हा मोठ्यानं सांगितलं. सरांनीही पुन्हा तेच विचारलं. पुढची नऊ वर्षं हा माणूस आमच्या डोक्यावर बसून हेच दोन शब्द विचारत होता. आईनं म्हणावं, "पाऊस लई झाला औंदा," की वरून प्रश्न, "म्हणजे किती?" मला ताप आला तेव्हा डॉक्टरांच्या आधी त्यांनी विचारलं. गल्लीत त्यांचं नावच 'म्हणजे-किती मास्तर' पडलं. त्यांना ते माहीत होतं, आणि त्यात चिडण्यासारखं त्यांना काही दिसत नव्हतं. चेष्टा कळायला जो अवयव लागतो तो देवानं त्यांना दिलेला नव्हता.

आधी ते कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. मुलं प्रॅक्टिकलच्या वहीत उत्तर आधी लिहितात आणि त्याला जुळतील अशी रीडिंगं मागून भरतात, हे जगातल्या सगळ्या मास्तरांना ठाऊक असतं. सरांनी एक वर्ष कुणाच्याच वहीवर सही केली नाही. मुलं रडली, पालक आले, प्राचार्यांनी हात जोडले. शेवटी सह्या दुसऱ्यानं केल्या आणि सर घरी बसले. पुढे शिकवण्यांवर भागवायचे. एकटा जीव सदाशिव. लग्न नाही, मागेपुढे कोणी नाही. अशा माणसाला तत्त्वं परवडतात, हे माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे.

पत्रकांवर ते स्वतःला 'अणुऊर्जा धोरणाचे स्वतंत्र अभ्यासक' म्हणवायचे. आईनं एकदा सरळ विचारलं, "मास्तर, ह्यो धंदा तरी काय आसतोय?"

ते जिन्यातच उभे राहून समजावू लागले. सरकारनं अणूपासून किती वीज देईन म्हटलं आणि प्रत्यक्षात किती दिली. खर्च किती सांगितला आणि किती झाला. भट्टीतून निघणारा विषारी कचरा कुठे आणि किती काळ ठेवणार. हे सगळं सरकारच्याच कागदांतून शोधायचं आणि लोकांना सांगायचं.

"आनि त्येचं पैसं कोण देतंय?"

"कोणी नाही."

"मग सोतंत्रच म्हणायचं," आप्पा मागावरून म्हणाले. तेवढ्यापुरते आम्ही सगळे हसलो.

काम करण्याची त्यांची तऱ्हा मात्र मी जवळून पाहिली. साडीच्या घडीत घालायचे पांढरे पुठ्ठे आमच्याकडे ढिगानं असत. फाटके, दुमडलेले पुठ्ठे ते मागून न्यायचे आणि एकेका पुठ्ठ्यावर सरकारचं एकेक वचन लिहायचे. अर्थसंकल्पाचे कागद, वार्षिक अहवाल, संसदेतली प्रश्नोत्तरं, रद्दीतली इंग्रजी वर्तमानपत्रं, कुठून कुठून मिळवायचे. मग माडीभर सुतळ्या बांधून जुनं वचन आणि नवं वचन शेजारी शेजारी टांगायचे. "नवा सरकारी कागद बोलतो, शकुंतलाबाई. जुना झाला की कबूल करतो," असं मला म्हणायचे. दिल्ली-मुंबईला पत्रं पाठवायचे. मागितलेली माहिती देता येत नाही, असं उत्तर आलं की चेहरा असा खुलायचा, जसं काही स्थळाकडून होकार आला. तो नकारसुद्धा पुठ्ठ्यावर लिहून टांगला जायचा.

शहापुरात माझा टायपिंगचा क्लास होता, म्हणून त्यांच्या पत्रकांच्या प्रती काढायचं स्टेन्सिल मी टाईपरायटरवर कापून द्यायची. एकदा माझ्याकडून एका आकड्याआधीचा 'सुमारे' राहिला. शंभर प्रती काढून झाल्या होत्या. मी म्हटलं, सर, कोण बघतंय? ते शंभर प्रती मांडीवर घेऊन बसले आणि प्रत्येक प्रतीवर पेनानं 'सुमारे' लिहू लागले. मग मलाही बसावं लागलं. माझ्या बोटांना त्या दिवशी गोळे आले, आणि त्या पत्रकाच्या निम्म्या प्रती पुढे किराणा दुकानात पुड्या बांधायला गेल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

घाटाखाली अणुवीज केंद्र होणार, ही बातमी आली तेव्हा आमच्या वडगावात पेढे वाटले गेले. करंटनं आमचा जीव खाल्ला होता. ताण्याचं सूत मागावर चढवलेलं, गिऱ्हाईक दारात उभं, आणि मोटर मुकी. केंद्र झालं की करंट जायचा नाही, असं जो तो म्हणत होता. देवळाच्या सभामंडपात विणकरांची सभा भरली, केंद्र लवकर व्हावं असा ठराव करायला. आप्पा पुढच्या रांगेत, धुतलेला पटका बांधून. ठराव वाचून झाला, आणि मागून हा माणूस उठला. हातात वही.

इथे आमची एक रीत सांगायला हवी. करंट गेला की आमच्याकडे मागाचा दांडा पाडून माग थांबवतात, पण मोटरचं बटन बंद करत नाहीत. माणूस तिथंच आडवा होतो नाहीतर चहाला जातो. करंट आला की मोटर गुंऽऽ करते, त्या आवाजानं तो धावत येतो. बटन बंद ठेवलं तर करंट आल्याचं कळणार कसं? शेजाऱ्याची मोटर आपल्याआधी ऐकू आली तर घरातल्या बायकांना बोलणी बसायची.

सर आमच्या माडीवर का राहत होते, ते त्या दिवशी उघड झालं. खालचे माग थांबले की ते घड्याळ बघायचे आणि वेळ लिहायचे. चालू झाले की पुन्हा लिहायचे. वेळ चुकू नये म्हणून दोन्ही मनगटांवर घड्याळं, आणि दोन्ही रेडिओशी लावलेली. ते शिकवणीला गेले की माझा धाकटा भाऊ दत्ता लिहायचा. तो तेव्हा पॉलिटेक्निकला होता, आणि सरांच्या पत्रकांतल्या आकृत्याही तोच काढायचा.

सभेत सर म्हणाले, "तुमचा करंट जातो त्यातल्या बऱ्याच वेळा तो आल्यावर दोन-तीन मिनिटांत परत जातो. त्याच वेळी शहापुरात तो टिकलेला असतो. कारण वडगावातल्या सगळ्या मोटरी एकदम उठतात. तेवढा भार खांबावरच्या डीपीला पेलत नाही, फ्यूज उडतो. लाइनमन सायकलवरून येईपर्यंत तुम्ही सरकारला शिव्या देता. अणुभट्टी बांधली तरी हा फ्यूज उडणारच आहे."

मग सरांनी उपाय सांगितला. बटनं बंद ठेवा, त्याऐवजी एक दिवा चालू ठेवा, करंट आल्याचं तो सांगेल. आणि गल्लीगल्लीनं, पाच पाच मिनिटांच्या अंतरानं मोटरी सुरू करा.

"आनि शेवटची गल्ली कुठली वं?" मागून कोणीतरी ओरडलं. त्यावरून जी जुंपली ती जुंपलीच. वरची गल्ली खालच्या गल्लीच्या उरावर बसली. "मास्तर, तुमाला करंट लागतोयच कशाला? कंदील हाय न्हवं!" "आप्पा, तुमच्या भाडेकरूला आवरा!" आप्पा मान खाली घालून उठून आले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. सर जेवले. वर जाऊन सभेत आरडाओरडा किती मिनिटं चालला तेही त्यांनी लिहून ठेवलं असणार.

केंद्राला विरोध करणाऱ्यांनी तरी त्यांना डोक्यावर घ्यावं! तेही नाही. खानापूरच्या बाजूला विरोधकांची सभा होती, तिथे त्यांना सन्मानानं बोलावलं. एक वक्ता म्हणाला, भट्टी झाली की इथल्या म्हशींना दोन तोंडांची रेडकं होतील. टाळ्या पडल्या. सर खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, याला पुरावा नाही, आणि खोटं सांगून जिंकलात तर उद्या खरं सांगाल तेव्हा कोणी ऐकणार नाही. संयोजकांनी त्यांना परतीच्या गाडीतसुद्धा घेतलं नाही. एस.टी. थांब्यापर्यंत चालत आले. दूर परदेशात अणुभट्टीचा स्फोट झाला तेव्हा एक वार्ताहर धावत माडीवर आला, तर त्याला म्हणाले, "नेमकं किती नुकसान झालं ते मला अजून माहीत नाही. कळल्यावर लिहीन." तो बिचारा जिना उतरताना स्वतःशीच पुटपुटत गेला. असा माणूस कुणाचाच नसतो, आणि त्यांना कुणाचं व्हायचंही नव्हतं.

हे सगळं मी सोसलं. पण दत्ताचं मी सोसलेलं नाही.

दत्ता डिप्लोमा झाला, आणि त्याच घाटाखालच्या केंद्रात तंत्रज्ञाच्या जागेसाठी निवडला गेला. आमच्या सात पिढ्या मागात पाय घालून बसलेल्या. सरकारी शिक्क्याचं नेमणुकीचं पत्र घरात आलं ते पहिलं. आप्पांनी ते मागावर ठेवून हळदकुंकू वाहिलं. आता फक्त पोलीस चौकशी राहिली होती. चौकशी म्हणजे काय, तर ठाण्यातला पोलीस येतो, शेजारीपाजारी विचारतो, चहा पिऊन जातो.

मी माडीवर गेले. म्हटलं, "सर, दत्ताबद्दल विचारलं तर खालच्या घरातला मुलगा, एवढंच सांगा. तुमच्या आकृत्या काढतो हे बोलू नका."

"विचारलं नाही तर नाही सांगणार."

"आणि विचारलं तर?"

त्यांनी डाव्या हातातल्या घड्याळाला किल्ली दिली. मग म्हणाले, "शकुंतलाबाई, मी इतकी वर्षं सरकारला काय म्हणतोय? विचारलेलं लपवू नका, हेच ना?"

"सर, तुम्ही सरकार नाही. आणि दत्ता अणुभट्टी नाही," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. ऐकलं असं वाटून मी खाली आले.

पोलीस आला तो सरांचं पत्रक खिशात घेऊनच. शेवटच्या पानावर तळाला ओळ होती, 'आकृत्या : दत्तात्रय, वडगाव.' त्यानं विचारलं, "ह्यो दत्तात्रय म्हंजे ह्योच काय?"

अख्खी गल्ली धावून आली. ज्यांनी सभेत आमची अब्रू काढली होती तीच माणसं. "वं साहेब, वडगावात पन्नास दत्तात्रय हाईत! दत्ताचं देऊळ हाय न्हवं हितं, दर घराला येक!" पोलीसही आपल्याच भागातला, घरी पोरंबाळं असलेला. हसला. "व्हय, आसतील पन्नास," म्हणाला आणि चहाची बशी तोंडाला लावली. मग उठता उठता, निव्वळ रीत म्हणून, जिन्यावरून वर डोकावला. "काय मास्तर, ह्योच काय त्यो दत्तात्रय?"

"हाच," सर म्हणाले.

महिन्याभरानं एका ओळीचं पत्र आलं. नेमणूक देता येत नाही. दत्ता ते हातात धरून जुन्या हातमागाच्या खड्ड्याच्या काठावर बसून राहिला. आणि त्याच वेळी सर वरून खाली आले, पत्र वाचायला मागितलं, आणि म्हणाले, "कारण दिलेलं नाही. हे नोंदवायला हवं." मी ते पत्र त्यांच्या हातातून हिसकावून घेतलं. आयुष्यात एखाद्या माणसाच्या तोंडात मारावी असं मला एकदाच वाटलं, ते तेव्हा.

आप्पांनी माग बंद केला. करंट असताना आप्पांनी माग बंद केलेला मी कधी पाहिला नव्हता. "मास्तर, माझ्या पोराचं नाव त्या कागदावर कुणी छापलं?"

"पत्रक माझं आहे," सर म्हणाले. "छापलं मी."

"मग माडी सोडा."

तिसऱ्या दिवशी सर गेले. पुठ्ठ्यांच्या पेट्या हातगाडीवर चढवल्या, करंटची वही दत्ताच्या हातात दिली. दत्तानं ती घेतली, याचाही मला राग आला. आप्पा मागावरून उठले नाहीत.

दत्तानं मोटर रिवायंडिंगचं दुकान टाकलं, वडगावातच. वर्षभरानं त्या वहीवरून त्यानं एकेका घराला पटवलं, भांडणं सोडवली, चिठ्ठ्या टाकून गल्ल्यांचा क्रम लावला. करंट आला की पहिली गल्ली सुरू होते, मग दुसरी. आमची तिसरी. फ्यूज उडायचा बराच थांबला. ही अक्कल कुणाची, हे कोणी बोललं नाही. दत्ता मात्र दिवसभर जळक्या मोटरींची तार उलगडत बसायचा, आणि कुणी घाटाखालच्या केंद्राचा विषय काढला की उठून बाहेर जायचा.

आता एक गोष्ट सांगते, जी मी आप्पांना मरेपर्यंत सांगितली नाही. दत्ताच्या नावाची ती ओळ मी घातली होती. सरांच्या हस्तलिखितात ती नव्हती. स्टेन्सिलच्या तळाला दोन बोटं जागा उरली होती, आणि आमच्या घरातलं एक नाव छापलेलं बघावं असं मला वाटलं. एवढंच. एक 'सुमारे' न सोडणाऱ्या माणसानं ती वाचली होती. "बरोबर आहे, काढल्यात त्यानेच," म्हणाले आणि पुढे गेले. आप्पांनी विचारलं तेव्हा मी दोन हातांवर उभी होते. सरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

सरांनी माडी सोडल्यावर दोनेक वर्षांनी मी लोंढ्याला लग्नाला चालले होते. समोरून येणाऱ्या गाडीसाठी आमची पॅसेंजर गुंजीला थांबली. फलाटाच्या बाकावर सर बसले होते, मांडीवर वही. आमची गाडी किती उशिरा आली ते लिहीत असणार. हातात एकच घड्याळ उरलं होतं, गळ्याची हाडं वर आली होती. मला बघून ते खिडकीशी आले.

मी म्हटलं, "सर, ती ओळ मी टाईप केली होती. आप्पांना का नाही सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं, छापलं कुणी. छापलं मीच होतं."

हे ऐकून मला गहिवरून यायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. घरातलं बोलणं तोंडात आलं. "मग पोलिसालाबी आसंच कायतरी सांगता आलं नसतं व्हय तुमाला? माज्यासाटी सुचलं, त्येच्यासाटी का न्हाय सुचलं?"

ते उत्तर शोधत राहिले. खरंच शोधत होते, ओठ हलत होते. नऊ वर्षांत हा माणूस उत्तरावाचून उभा राहिलेला मी पाहिला नव्हता. समोरची गाडी आली, निघून गेली. आमच्या गाडीनं शिट्टी दिली.

"दत्ता कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"बरा आहे."

"म्हणजे..." सर म्हणाले आणि थांबले. गाडी हलली. ते खिडकीचा गज धरून चार पावलं चालले, मग गज सोडला. पुढचा शब्द त्यांनी विचारला नाही. विचारला असता तर मी सांगितलं असतं.